बिअर, घरगुती

अंकुरित करून वाळविलेल्या धान्यापासून (माल्टपासून) गोड काढा तयार करून व त्याचे यीस्टच्या साहाय्याने किण्वन घडवून घरच्या भांड्यांत थोड्या प्रमाणात बनविलेले सौम्य मद्य. तयार माल्ट-अर्क विकत आणून तो पाण्यात कालविण्याची एक सोपी रीत पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत मात्र सबंध धान्यापासून सुरुवात करणाऱ्या पद्धतीचा विचार केला आहे. कारण बिअर म्हणजे काय हे तिच्यातूनच नीट समजते. या मद्यात एथिल अल्कोहॉलाचे प्रमाण सामान्यतः आकारमानाने ४ ते ६ टक्के असते. त्याच्या निर्मितीत ऊर्ध्वपातन होत नाही. त्यामुळे हातभट्टीची दारू व बिअर यांची कृती मूलतः भिन्न आहे.

बिअर तयार होताना तीन क्रिया एकीमागून एक घडतात : धान्याचे अंकुरण, त्यातील स्टार्चचे शर्करेत रूपांतर व त्या शर्करेचे किण्वन. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यांपैकी पहिल्या दोन क्रिया तेथील स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. फक्त त्यांना ही नावे नाहीत. मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व ही पहिल्या क्रियेची व त्या सत्त्वाची पातळ राहणारी पेज ही दुसऱ्या क्रियेची घरगुती रूपे होत. तिसरी क्रिया मात्र महाराष्ट्रात परवान्याशिवाय करता येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार (मूळचा मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९) मद्याची विनापरवाना निर्मिती हा गुन्हा असून स्वतःच्या घरी स्वतःपुरती बिअर करणाऱ्यास त्यातून सूट नाही. पुढे दिलेली किण्वनाची माहिती ही क्रिया समजावी म्हणून व जेथे अशी निर्मिती कायदेशीर आहे तेथील रीत म्हणून दिली आहे.

धान्य : बिअरचे प्रमुख धान्य बार्ली (हॉर्डियम व्हल्गेर) हे होय. मराठीत तिला जव किंवा सातू म्हणतात. तथापि दक्षिण महाराष्ट्रात ‘सातूचे पीठ’ या नावाने जे खाल्ले जाते, ते बहुधा भाजलेला गहू व हरभऱ्याची डाळ यांचे असते आणि त्यात बार्ली असतेच असे नाही. भारतात बार्लीचे पीक मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा, पंजाब व मध्य प्रदेश या राज्यांत होते. कृष्णाकाठी तिची लागवड रुजलेली नाही.

बार्लीला मिळालेले अग्रस्थान चवीपेक्षा तिच्या दाण्याच्या रचनेमुळे मिळालेले आहे. मळणीनंतरही तिचे टरफल दाण्याला चिकटून राहते. काढा गाळताना टरफलांचा थर आपोआप गाळणीचे काम करतो. गहू, ज्वारी व नाचणी यांना अशी चिकटलेली टरफले नसल्यामुळे त्यांचा लगदा गच्च बसतो व काढा झिरपत नाही. दुसरे कारण म्हणजे स्टार्चचे विघटन करणारी आल्फा-अमायलेज व बीटा-अमायलेज ही दोन्ही एंझाइमे बार्लीच्या माल्टमध्ये भरपूर असतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांची स्वतःची धान्ये वेगळी आहेत. पाटण, जावळी व महाबळेश्वर तालुक्यांतील डोंगरउतारांवर नाचणी व वरी, तर माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ व जत या कमी पावसाच्या पट्ट्यात ज्वारी व बाजरी होते. कृष्णेच्या खोऱ्यातील आणखी एक धान्य येथे उल्लेखनीय आहे, ते म्हणजे खपली गहू (ट्रिटिकम डायकॉकम). याची टरफले मळणीत सुटत नाहीत. ती कांडून काढावी लागतात आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले. प्राचीन ईजिप्तमध्ये बार्लीच्या जोडीने बिअरसाठी वापरला जाणारा गहू याच जातीचा होता. सातारा, सांगली व कोल्हापूर भागांत तो आज खिरीसाठी, लापशीसाठी व पोळ्यांसाठी पिकविला जातो.

माल्टीकरण : दाणा रुजू लागला की, कोवळ्या रोपाला अन्न पुरविण्यासाठी त्यात एंझाइमे निर्माण होतात व ती दाण्यातील स्टार्चचा साठा फोडू लागतात. माल्टीकरण म्हणजे ही क्रिया सुरू करून देणे व ऐन वेळी थांबविणे. दाणे धुऊन पाण्यात भिजवितात. मधूनमधून पाणी काढून त्यांना हवा देतात, अन्यथा दाणे गुदमरून आंबतात. दाण्यातील जलांश ४० टक्क्यांच्या वर गेला की ते पसरून ओल्या फडक्याखाली ठेवतात व रोज उलथेपालथे करतात. बार्लीला यासाठी १५° ते १८° से. तापमान व चार ते सहा दिवस लागतात. सांगलीच्या उन्हाळ्यात एवढे कमी तापमान घरात मिळत नाही आणि ढीग तापून दाण्यांना बुरशी येते. ज्वारी व नाचणी यांना याउलट २५° ते ३०° से. तापमान मानवते. ही या धान्यांची कृष्णाकाठच्या हवामानातील मोठी सोय आहे.

कोंब दाण्याच्या लांबीइतका होण्याच्या सुमारास अंकुरण थांबवून दाणे वाळवितात. सुरुवातीची सुकवण सावकाश, ५०° से.च्या आसपास करतात. ओला दाणा एकदम तापविल्यास एंझाइमे नष्ट होतात. पुढे तापमान वाढवावे तसा माल्टचा रंग व खमंगपणा वाढतो, पण शर्करीकरणाची शक्ती घटते. काळसर बिअरसाठी लागणारा भाजका माल्ट रंग व चव देतो, मात्र त्यात एंझाइमे उरलेली नसतात. म्हणून तो फिकट माल्टबरोबर थोड्या प्रमाणातच मिसळावा लागतो.

ज्वारीच्या माल्टबाबत एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात व मुळांत धुरिन नावाचे संयुग असते व त्यापासून हायड्रोसायानिक अम्ल हे तीव्र विष सुटते. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाऊन गुरे दगावतात, हे माण-जतच्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तेच विष मोड आलेल्या ज्वारीत असते. म्हणून ज्वारीचे मोड हिरव्या मुगाच्या किंवा मटकीच्या मोडांप्रमाणे कच्चे खाऊ नयेत. दाणे पूर्ण वाळवून, चोळून, पाखडून त्यांचे कोंब व मुळे काढून टाकतात. उरलेल्या अंशातून सुटणारे विष पुढे उघड्या भांड्यात शिजविताना बाष्परूपाने निघून जाते. नाचणीच्या बाबतीत अशी अडचण उद्‌भवत नाही आणि बाळाच्या पहिल्या अन्नासाठी घरोघर ज्वारीऐवजी नाचणीचे सत्त्व रूढ झाले, याला इतर कारणांबरोबर हेही एक कारण असू शकेल.

‘नाचणीचे सत्त्व’ या एकाच नावाने दोन वेगळे पदार्थ ओळखले जातात. एकात नाचणी भिजवून, वाटून, गाळून तळाशी बसलेला स्टार्च वाळवितात. गव्हाचा चीक काढण्याच्या रीतीशी त्याचे साम्य आहे. दुसऱ्यात नाचणीला मोड आणून, वाळवून, किंचित भाजून दळतात. माल्ट हे नाव फक्त दुसऱ्याला शोभते. दोहोंतील फरक चुलीवर लगेच कळतो. पहिल्याची पेज थोड्या पिठातही घट्ट होते. दुसऱ्याची पेज मंद आचेवर ढवळत गेल्यास दाट होता होता पुन्हा पातळ होते व तिला गोडसर चव येते. हा पातळपणा म्हणजे अमायलेजाचे कार्य होय. बिअर बनविणाऱ्याच्या भांड्यात घडणारी दुसरी क्रिया ती हीच.

शर्करीकरण : माल्ट भरडून कोमट-गरम पाण्यात ठराविक तापमानाला ठेवतात. भरडणे महत्त्वाचे आहे. पिठाच्या गिरणीत तो फार बारीक होतो व टरफलांचा चुरा झाल्याने गाळणी बिघडते. दाण्याचे तीन-चार तुकडे व टरफल जवळजवळ अखंड, असा भरडा हवा. डाळ भरडण्यासाठी जात्याची वरची तळी किंचित उचलून ठेवतात, तशा जात्यावर तो चांगला निघतो.

सुमारे १० लि. बिअरसाठी २·५ किग्रॅ. फिकट बार्ली माल्ट पुरतो. ७·५ लि. पाणी ७२° से. पर्यंत तापवून त्यात भरडा हळूहळू ढवळत मिसळल्यास मिश्रणाचे तापमान सु. ६६° से. होते. पातेले घोंगडीत किंवा जाड कापडात गुंडाळून ते तासभर तसेच ठेवतात. येथील दोन-चार अंशांचा फरक बिअरचा स्वभाव ठरवितो. बीटा-अमायलेज ६०° ते ६५° से. च्या दरम्यान अधिक क्रियाशील असते व माल्टोज ही किण्वनक्षम शर्करा निर्माण करते. अशी बिअर कोरडी व हलकी लागते. ७०° से. च्या आसपास आल्फा-अमायलेज प्रभावी ठरून डेक्स्ट्रिने जास्त उरतात व बिअर भरीव होते. ७८° से. च्या पुढे दोन्ही निष्क्रिय होतात. नवशिक्याने थर्मामीटरशिवाय हे काम हाती घेऊ नये, हा सल्ला सर्वत्र दिला जातो व तो योग्य आहे. हाताला सोसेल एवढे पाणी हा अंदाज येथे उपयोगी पडत नाही, कारण ६६° से. चे पाणी हाताला सोसतच नाही.

क्रिया पूर्ण झाली की नाही हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. पांढऱ्या बशीत काढ्याचा एक थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडिनाचा थेंब सोडावा. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे. आयोडिनाचा तांबूस-पिवळा रंग कायम राहिला तर तो संपला आहे. आयोडीन विषारी असल्याने तपासलेला थेंब पातेल्यात परत टाकू नये.

नंतर मिश्रण कापडी पिशवीतून किंवा सच्छिद्र तळाच्या भांड्यातून गाळतात. पहिला गढूळ काढा परत वरून ओततात. टरफलांचा थर बसला की तो स्वच्छ येऊ लागतो. मग ७५° ते ७७° से. चे सु. ७ लि. पाणी हळूहळू शिंपडून उरलेली साखर धुऊन घेतात. याहून गरम पाणी टरफलांतील तुरट द्रव्ये उतरविते. एकूण १२ लि.च्या आसपास गोड काढा मिळतो. त्यास वर्ट म्हणतात.

पाण्याच्या गुणधर्मांचा परिणाम या टप्प्यावर जाणवतो. बेसाल्ट खडकातील विहिरींचे, विशेषतः सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील, पाणी बहुधा जड असते. पाण्यात बायकार्बोनेटे जास्त असली की मिश्रण पुरेसे अम्लधर्मी होत नाही, एंझाइमे मंदावतात व फिकट माल्टची बिअर तुरट होते. भाजक्या माल्टमधील अम्ले हा दोष काही अंशी भरून काढतात. बोहीमियातील पिल्सेनचे मृदू पाणी फिकट बिअरसाठी, तर डब्लिनचे बायकार्बोनेटयुक्त पाणी काळ्या बिअरसाठी प्रसिद्ध झाले ते यामुळेच.

ज्वारीची वेगळी रीत : वरील कृती ज्वारीच्या माल्टला जशीच्या तशी लावल्यास ती फसते. बार्लीचा स्टार्च ६०° ते ६५° से. ला फुगून जेलीसारखा होतो व त्याच तापमानाला एंझाइमे त्याच्यावर काम करू शकतात. ज्वारीचा स्टार्च सु. ७०° से. च्या वर गेल्याशिवाय नीट फुगत नाही आणि तोपर्यंत एंझाइमे दुबळी झालेली असतात. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज कमी असते. आफ्रिकेतील स्त्रियांनी या अडचणीवर फार पूर्वीच उपाय शोधला. पश्चिम आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टचे पीठ थंड पाण्यात कालवून स्थिर होऊ देतात. एंझाइमे विरघळलेले वरचे पाणी काढून ठेवतात. तळाचा स्टार्च वेगळा शिजवितात व तो निवून कोमट-गरम झाला की, राखून ठेवलेले पाणी त्यात परत मिसळतात. अमायलेजाचे नावही माहीत नसताना बसविलेली ही युक्ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. दक्षिण आफ्रिकेतील उम्कोम्बोथी हे गढूळ, आंबूस पेय ज्वारीच्या माल्ट व मका यांपासून करतात. पूर्व आफ्रिकेत नाचणीचा माल्ट वापरतात, तर नेपाळ व सिक्कीममध्ये शिजविलेल्या नाचणीवर विरजण-गोळ्या घालून तोंगबा बनवितात. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातल्यानंतर तेथील मोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावे लागले व ज्वारीपासून स्वच्छ, फिकट बिअर होऊ शकते हे सिद्ध झाले.

उकळणे व किण्वन : वर्ट तासभर खळखळून उकळतात. त्यामुळे तो निर्जंतुक होतो, प्रथिने साकळून खाली बसतात व एंझाइमे कायमची थांबतात. महाबळेश्वरला (उंची सु. १,३५० मी.) पाणी सु. ९५° से. लाच उकळते, पण निर्जंतुकीकरणाला तेवढे पुरते. उकळी आल्यावर १५ ते २० ग्रॅ. हॉप फुलोरे (ह्युम्युलस ल्युप्युलस) टाकतात. हॉपमधील राळयुक्त द्रव्ये दीर्घकाळ उकळल्यावर कडवटपणा देतात व काही जिवाणूंची वाढ रोखतात. सुगंधासाठी थोडे हॉप अखेरच्या पाच मिनिटांत घालतात. भारतात हॉपची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते.

उकळलेला वर्ट थंड पाण्याच्या घंगाळात पातेले ठेवून लवकरात लवकर २०° से. पर्यंत निववितात. येथून पुढे त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असली पाहिजे. घरगुती बिअर बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण भांड्यांची अपुरी स्वच्छता हेच असते. धान्याची किंवा यीस्टची निवड त्यामानाने दुय्यम. यानंतर हायड्रोमीटरने (द्रवाचे विशिष्ट गुरुत्व दर्शविणाऱ्या तरंगत्या उपकरणाने) वाचन घेतात. वरील प्रमाणात ते सु. १·०५० येते. मग ५ ते ६ ग्रॅ. कोरडे यीस्ट (सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी) घालून भांडे बंद करतात. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही, अशी पाण्यात बुडविलेल्या नळीची योजना झाकणाला करतात. १८° ते २०° से. तापमानाला एक ते दोन आठवड्यांत विशिष्ट गुरुत्व १·०१२ च्या आसपास उतरते व त्यावरून मद्यार्क सु. ५ टक्के असल्याचे कळते. तापमान २५° से. च्या वर गेल्यास अनेक जातींचे यीस्ट तीव्र, उग्र वासाचे अल्कोहॉल व एस्टरे निर्माण करते. [⟶ किण्वन].

वाचन लागोपाठ तीन दिवस स्थिर राहिल्यावर बिअर गाळावरून अलगद काढून बाटल्यांत भरतात. फेसासाठी दर लिटरला ६ ते ७ ग्रॅ. साखर घालून बाटल्या बंद करतात व दोन-तीन आठवडे ठेवतात. किण्वन अपुरे असताना बाटल्या भरल्या किंवा साखर अंदाजाने टाकली, तर दाब वाढून बाटल्या फुटतात. उन्हाळ्यात हे विशेष घडते. काचेचे तुकडे वेगाने उडत असल्याने ही किरकोळ दुर्घटना समजता येत नाही. मिथिल अल्कोहॉलाच्या विषबाधेची भीती मात्र बिअरच्या बाबतीत अनाठायी आहे. धान्याच्या किण्वनात ते नगण्य प्रमाणात होते. भारतातील विषारी दारूच्या दुर्घटनांत ते सामान्यतः औद्योगिक मद्यार्काच्या भेसळीतून आलेले आढळते.

आंबील : ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ पाण्यात अथवा ताकात कालवून रात्रभर आंबवितात व सकाळी शिजवून त्यात मीठ, जिरे व लसूण घालतात. उन्हाळ्यात सातारा-सांगलीकडे हे पेय घरोघर होते. रेणुकेच्या उपासकांत आंबील व घुगऱ्यांचा नैवेद्यही असतो. येथेही सूक्ष्मजीवांकडूनच धान्यावर क्रिया होते, पण ते प्रामुख्याने लॅक्टिक अम्ल तयार करणारे जिवाणू असतात. पीठ माल्टचे नसल्याने त्यात किण्वनक्षम साखर थोडीच असते आणि आंबविणे एका रात्रीवर आटोपून पेय शिजविले जाते. त्यामुळे मद्य तयार होत नाही. आंबिलीला ‘देशी बिअर’ म्हणण्याची प्रथा हल्ली दिसते, ती या कारणाने चुकीची आहे.

इतिहास व कायदा : माल्टपासून मद्य करण्याची कल्पना भारताला परकी नाही. वैदिक सौत्रामणी यागातील सुरेसाठी अंकुरित भात (शष्प), अंकुरित यव (तोक्म), लाह्या व नग्नहु नावाचे विरजणद्रव्य सांगितले आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष प्रकरणात एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असे मेदक या मद्याचे प्रमाण दिले आहे. किण्व म्हणजे विरजण. आजचा ‘किण्वन’ हा पारिभाषिक शब्द त्यावरूनच घडविलेला आहे. मद्यनिर्मितीवर राज्याचे कडक नियंत्रण सांगणारा हाच ग्रंथ गृहस्थांना विशिष्ट प्रसंगी श्वेतसुरा घरी करण्याची व औषधासाठी अरिष्ट काढण्याची मुभा देतो, हे लक्षणीय आहे.

आधुनिक कायद्यांत ही मुभा देशोदेशी वेगवेगळ्या वेळी आली. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बिअरसाठी परवाना घ्यावा लागे. ती अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७८ च्या संघीय कायद्याने ती करमुक्त झाली, तरी अलाबॅमा व मिसिसिपी या राज्यांनी २०१३ पर्यंत ती मान्य केली नाही. या दोन्ही देशांत घरगुती निर्मितीच्या छंदातूनच पुढे लहान व्यावसायिक कारखान्यांची चळवळ वाढली.

महाराष्ट्रातील, आणि विशेषतः या दोन जिल्ह्यांतील, परिस्थिती निराळ्या अनुभवातून घडली आहे. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले; त्यावेळी आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्याच जिल्ह्यात होता. (दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.) दारूबंदी हा प्रतिसरकारच्या कार्यक्रमाचा भाग होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. महाराष्ट्र राज्यात ती पुढे परवाना पद्धतीने शिथिल करण्यात आली, परंतु अधिनियम कायम राहिला. गावातील दारूचे दुकान स्त्रियांच्या मतदानाने बंद करण्याची तरतूदही राज्यात आहे. ‘आडवी बाटली’ ही त्या मतदानातील खूण खेड्यापाड्यांत सर्वपरिचित झाली. दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या घरांतील स्त्रियांची ही मागणी होती व तिच्यासमोर सौम्य बिअर आणि कडक दारू यांतील भेद फारसा टिकत नाही. अधिनियमातील मद्याच्या व्याख्येतही तो नाही. तीत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी व मद्यार्क असलेले सर्व द्रव समाविष्ट आहेत.

द्राक्षांच्या बाबतीत मात्र शासनाचे धोरण उदार राहिले. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्योगासाठी स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र उभारण्यात आले. धान्यापासून मद्यार्क बनविण्याच्या कारखान्यांना उत्तेजन देणारे २००७ चे धोरण याउलट वादग्रस्त ठरले. अन्नधान्य दारूसाठी वळविले जाते, हा त्यावरील मुख्य आक्षेप होता. तो आक्षेप घरगुती प्रमाणावरील निर्मितीला लागू करणे अतिशयोक्त होईल, पण धान्य व मद्य यांच्या संबंधाकडे येथील समाज कसा पाहतो हे त्यावरून कळते. अल्प प्रमाणावर बिअर बनवून तेथेच विकणाऱ्या परवानाधारक निर्माण्या राज्यात सुरू झाल्या, त्यांतील सुरुवातीची एक पुण्यात २००९ मध्ये निघाली. ज्याला ही कला कायदेशीर मार्गाने शिकावयाची आहे, त्याला महाराष्ट्रात अशा निर्माण्या व किण्वनशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या संस्था हाच मार्ग उपलब्ध आहे.

माल्टीकरण व शर्करीकरण यांना मात्र कोणतीही आडकाठी नाही. उकळलेला पण न आंबविलेला वर्ट हे पौष्टिक पेय आहे. तो गरम असतानाच प्यावा अथवा थंड ठिकाणी ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा. उघडा राहिल्यास हवेतील यीस्ट त्यात शिरून किण्वन आपोआप सुरू होते. तो आटवून काकवीसारखा घट्ट केल्यास बराच काळ टिकतो. गाळून उरलेला चोथा प्रथिनांनी व तंतूंनी समृद्ध असून दुभत्या जनावरांना आवडतो. त्यातील पाण्यामुळे तो लवकर आंबतो व त्याला बुरशी धरते. म्हणून तो निवल्याबरोबर, शक्यतो त्याच दिवशी, कडब्यात मिसळून घालावा किंवा उन्हात पातळ पसरून कडकडीत वाळवावा.